विसावा कामगार आणि अडीच हजारांचा कर

महाराष्ट्रात महिना १३ हजार पगारावर काम करणारा पुरुष वर्षाला २५०० रुपये व्यवसाय कर भरतो. महिना १३ लाख पगार घेणारा अधिकारीही २५००च भरतो. पहिल्याच्या कमाईतला हा दीड टक्क्याहून जास्त हिस्सा आहे, दुसऱ्याच्या कमाईत त्याच्या शंभराव्या भागाएवढा. नोकरी नसेल, स्वतःचा धंदा असेल तरी सुटका नाही. गल्लीत मोबाइल दुरुस्त करणारा, ब्लाउज शिवून देणारी, एकट्याने वेबसाइट बनवणारा, या सगळ्यांनी ३० जूनच्या आत तेच २५०० रुपये भरायचे. भागीदारी असेल तर प्रत्येक भागीदाराचे वेगळे. कंपनी असेल तर कंपनीचे वेगळे आणि प्रत्येक संचालकाचे वेगळे. वाहन परवानाधारक, काही सहकारी संस्था अशा थोड्या नोंदींना दर कमी आहे, उरलेली बहुतेक यादी २५००वर जाऊन टेकलेली आहे.

नफा झाला का, झाला तर किती, हे पाहण्याची सोयच या करात नाही. आयकराच्या नव्या पद्धतीत २०२५-२६पासून १२ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या व्यक्तीला सवलतीमुळे कर शून्य होतो. म्हणजे वर्षाकाठी दोन लाख हातात उरणाऱ्या दुकानदाराला दिल्लीतलं सरकार म्हणतं, तुझ्याकडे कर मागण्याएवढं काही नाही. मुंबईतलं सरकार मात्र त्याच माणसाकडून कराची कमाल रक्कम घेतं.

छोट्या व्यावसायिकांच्या डोक्यावरचा भार कमी करा, ही मागणी दर अर्थसंकल्पाच्या तोंडावर होते आणि ती मला मनापासून पटते. फक्त त्या मागणीत दोन भिन्न गोष्टी एकत्र बांधल्या जातात. व्यवसाय कर हा कर आहे. पीएफ (भविष्य निर्वाह निधी) आणि ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा) हे कर नव्हेत. पगारपत्रकाच्या तळाशी बेरीज करणाऱ्या मालकाला दोन्ही सारखेच दिसतात, कारण दोन्ही त्याच्याच गल्ल्यातून जातात. पण एकात पैसा सरकारजमा होतो आणि दुसऱ्यात कामगाराच्या नावावर किंवा त्याच्या विम्यात. ‘पगारावरचा बोजा’ कमी करायला निघालेला माणूस यातलं नेमकं काय कापतो, यावर तो कोणाच्या बाजूचा आहे हे ठरतं. माझं म्हणणं असं की कर सढळ हाताने कमी करावा, खालच्या थरात तर काढूनच टाकावा. पीएफमध्ये मालकाला दिलासा द्यायचा असेल तर तो सरकारी तिजोरीतून द्यावा. कामगाराच्या खात्यातून नको.

व्यवसाय कराचा उगम तसा अभिमान वाटावा असाच आहे. १९७२च्या दुष्काळात महाराष्ट्रभर रोजगार हमीची कामं निघाली. त्याआधी १९६५ साली तासगाव तालुक्यात वि. स. पागे यांच्या पुढाकाराने तो प्रयोग होऊन गेला होता. मागेल त्याला काम द्यायचं तर त्याला पैसा हवा, आणि तो शहरातल्या नोकरदार-व्यापारी वर्गाने द्यावा, अशी त्यामागची भूमिका होती. १९७५चा व्यवसाय कर कायदा त्यातून आला. १९७७ साली रोजगार हमीचा कायदा मंजूर झाला, तो २६ जानेवारी १९७९पासून लागू झाला. व्यवसाय कराचं उत्पन्न हमीच्या निधीत जायचं आणि राज्य सरकार आपल्या तिजोरीतून तेवढीच भर घालायचं. बांधावर खडी फोडणाऱ्या बाईच्या मजुरीसाठी फोर्टातल्या कचेरीतल्या बाबूने महिन्याला चार पैसे द्यायचे, इतका सरळ हिशेब होता. त्या करावर त्या काळात कोणी गरिबांवरचा कर म्हणून बोट ठेवलं असतं तर ते हास्यास्पद ठरलं असतं.

मग तो उलटा कसा झाला? कायदा फारसा बदलला नाही, रुपया बदलला. राज्यघटनेच्या कलम २७६मध्ये या करावर वार्षिक २५० रुपयांची कमाल मर्यादा होती. १९८८ साली ६०व्या घटनादुरुस्तीने ती २५०० झाली. तिथेच ती आजही आहे. १९८८मध्ये देशाच्या कॅबिनेट सचिवाचा चौथ्या वेतन आयोगानुसार मूळ पगार महिना ९ हजार रुपये होता. आज महाराष्ट्रात महिना १० हजारांच्या वर पगार असलेल्या पुरुषाला व्यवसाय कराचा सर्वांत वरचा दर लागतो: दरमहा २००, फेब्रुवारीत ३००, एकूण २५००. आणि दुकान-आस्थापनांतल्या अकुशल कामगाराचं किमान वेतनसुद्धा महागाई भत्ता धरून आता १० हजारांच्या वर गेलं आहे. म्हणजे कायद्याप्रमाणे पगार देणाऱ्या दुकानातला पूर्णवेळ काम करणारा एकही पुरुष या कराच्या वरच्या पायरीखाली सापडणार नाही. ७५००पर्यंत माफी, १० हजारांपर्यंत १७५ रुपये, या पायऱ्या आता केवळ कागदावर उरल्या आहेत.

वर छत खिळलेलं असल्यामुळे श्रीमंताकडून जास्त घेता येत नाही. उत्पन्न वाढवायचं तर खालून जास्तीत जास्त माणसं आत ओढावी लागतात. चौदाव्या वित्त आयोगाने ही मर्यादा १२ हजारांपर्यंत न्यावी असं सुचवलं होतं. घटनादुरुस्तीचं काम म्हणून ते बाजूला पडलं. मर्यादा वाढवायला माझी ना नाही, पण तिच्यासाठी खालच्यांची सुटका अडवून ठेवू नये. राज्याला स्वतःच्या अखत्यारीत बरंच करता येतं, आणि एकदा ते केलंही आहे. १ एप्रिल २०२३पासून महिना २५ हजारांपर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना व्यवसाय कर माफ झाला, आधी ही रेषा १० हजारांवर होती. निर्णय चांगला होता. पण त्यामुळे एकाच शेडमध्ये, एकाच कामावर, २० हजारांवर राबणाऱ्या बाईला कर नाही आणि तिच्या शेजारच्या पुरुषाला आहे, अशी स्थिती झाली. बाईची सूट काढा असं कोणी म्हणणार नाही. मग ती सर्वांना का नको?

कर्नाटकाने हेच केलं. तिथे २०२३पासून महिना २५ हजारांखालच्या पगारावर हा कर नाही, कोणालाच नाही. गोव्यात तर व्यवसाय करच नाही. त्यामुळे आपल्या सीमेवर मजेशीर चित्र दिसतं. कागलच्या औद्योगिक वसाहतीतला २५ हजारांखालच्या पगाराचा फिटर महिन्याला २०० रुपये देतो. राष्ट्रीय महामार्गावरून थोडं खाली उतरलं की निपाणी, तिथल्या वर्कशॉपमधला तेवढ्याच पगाराचा फिटर काही देत नाही. दोघं घरी मराठीच बोलतात. बांद्याचा हॉटेलवाला आणि गोव्यातला, पत्रादेवीपलीकडचा हॉटेलवाला यांच्यातही हाच फरक. २०० रुपयांसाठी कोणी कारखाना उचलून पलीकडे नेणार नाही, हे मलाही कळतं. पण शेजारची दोन राज्यं या पैशाशिवाय चालू शकतात, एवढं तरी त्यातून दिसतं.

रक्कम लहान आहे, मग एवढी ओरड कशाला, असं कोणी विचारेल. लहान धंद्यात खरी डोकेदुखी रकमेची नसते, कागदाची असते. नोकर ठेवला की एक नोंदणी, पीटीआरसी, त्यांच्या पगारातून कापलेल्या करासाठी. मालकाची स्वतःची दुसरी, पीटीईसी. पहिलीचं रिटर्न भरायचं, दुसरीचं नुसतं चलन. रिटर्न महिनाभराच्या आत उशिरा गेलं तर २०० रुपये लेट फी, त्याहून उशीर झाला तर १०००. दोन नोकरांचा वर्षाचा कर ५००० होतो, आणि तो वेळेत भरूनही निव्वळ रिटर्न राहून गेलं तर वर हजार रुपये. हे प्रमाण मोठ्या कंपनीला लागत नाही, कारण तिथे या कामाला माणूस असतो. छोट्या दुकानात मालकच हमाल, मालकच हिशेबनीस. नवीन खाजगी कंपनी काढली तर महाराष्ट्रात नोंदणीच्या वेळीच व्यवसाय कराचे क्रमांक गळ्यात पडतात, मग नोकर असोत वा नसोत. ज्याला हे ठाऊक नसतं त्याला काही वर्षांनी नोटीस येते तेव्हा कळतं. कर सल्लागार मंडळींना यातून कामं मिळतात, हे खरं. त्यांची फी कराच्या रकमेहून जास्त होते, हेही खरं.

याहून गमतीचा नमुना कामगार कल्याण निधीचा. पाच किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेने जून आणि डिसेंबरमध्ये कामगाराचे २५ रुपये आणि मालकाचे ७५ रुपये भरायचे. सहा माणसांच्या दुकानाचे सहामाही ६०० रुपये होतात. त्यासाठी आणखी एक संकेतस्थळ, आणखी एक पासवर्ड. कल्याण मंडळ चांगली कामं करतं, शिष्यवृत्त्या देतं, त्याबद्दल वाद नाही. पण ही सगळी वसुली एका चलनात का होऊ शकत नाही, याचं पटेल असं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही.

आता पीएफकडे वळू. इथे छोट्या मालकाची तक्रार खरी आहे आणि तिचं नेहमीचं उत्तर चुकीचं आहे.

इचलकरंजीतला यंत्रमागवाला घ्या, नाही तर भोसरीत जॉबवर्क करणारा. त्याच्याकडे १९ माणसं आहेत, पगार सरासरी १५ हजार. पीएफचा कायदा २० माणसांपासून लागतो, १९५२च्या कायद्यातला आणि २०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेतलाही उंबरठा हाच. काम वाढलं, विसावा माणूस हवा आहे. त्याला घेतलं की मालकाचे १२ टक्के, प्रशासकीय शुल्क अर्धा टक्का, विम्याचा अर्धा टक्का, म्हणजे डोई १९५० रुपये. हे एकट्या विसाव्यासाठी नाही, वीसही जणांसाठी: महिना ३९ हजार. कामगाराच्या वाट्याचे १२ टक्के त्याच्या पगारातून कापायचे असतात, पण अशा ठिकाणी पगाराची बोलणी ‘हातात किती’ यावर होतात. कापलेले १८०० कामगार सोडत नाही, तेही मालकालाच भरून द्यावे लागतात. मग आकडा ७५ हजारांवर जातो. १५ हजारांच्या माणसाने महिन्याला ९० हजारांचा खर्च आणला. शिवाय कायदा एकदा लागला की पुढे माणसं घटून १५ झाली तरी तो सुटत नाही.

अशा वेळी मालक काय करतो ते औद्योगिक वसाहतीत सगळ्यांना माहीत असतं. बायकोच्या नावे दुसरी फर्म निघते, मधल्या भिंतीवर नवी पाटी लागते. नाही तर चार माणसं ठेकेदाराच्या मस्टरवर दाखवली जातात. नाही तर विसावा माणूस घेतलाच जात नाही, आहेत त्यांना ओव्हरटाइम. यात कोणाचाच फायदा नाही. धंदा खुरटतो, आणि १९ जणांपैकी कोणाच्याही नावावर साठी उलटल्यावर काही उरत नाही.

यावर ‘दर कमी करा’ हा उपाय सुचवला जातो, आणि तो आपण एकदा करून पाहिलेला आहे. टाळेबंदीत मे, जून आणि जुलै २०२० या तीन महिन्यांसाठी पीएफचा दर १२वरून १० टक्के केला. जाहिरात अशी झाली की लोकांच्या हातात जास्त पैसा येईल. कामगाराचे दोन टक्के त्याच्या हातात आले, तेवढं बरोबर. मालकाचे दोन टक्के मालकाकडे राहिले, म्हणजे कामगाराच्या खात्यात जे जमा व्हायचे ते झाले नाहीत. कामगाराच्या पैशातून मालकाला मदत झाली आणि श्रेय सरकारने घेतलं. पण त्याच काळात दुसरीही एक योजना चालू होती. १००पर्यंत कामगार आणि त्यातले ९० टक्के १५ हजारांच्या आतल्या पगाराचे, अशा आस्थापनांसाठी मार्च ते ऑगस्ट २०२० दोन्ही बाजूंचे मिळून २४ टक्के केंद्र सरकारने स्वतः भरले. मालक सुटला आणि कामगाराचं खातंही भरत राहिलं. एकाच संकटात, एकाच खात्याने, दोन्ही पद्धती वापरल्या. दुसरी सरस होती हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ लागत नाही.

अमेरिकेतही हा वाद जुना आहे, आणि तिथे तो जास्त तापतो कारण रक्कम मोठी आहे. न्यू जर्सीत स्वतःचा छोटा व्यवसाय करणाऱ्या मराठी माणसाला विचारा. नोकरीत असताना पेन्शन आणि आरोग्य विम्यासाठीच्या करापोटी पगाराचे ७.६५ टक्के त्याचे आणि तेवढेच कंपनीचे जायचे, स्वतःचं दुकान काढल्यावर दोन्ही बाजू त्याच्याच अंगावर येतात: १५.३ टक्के. त्याला ते जाचक वाटतात. पण त्यातून त्याला पेन्शन मिळते आणि ६५नंतर मेडिकेअर हा सरकारी आरोग्य विमा. मंदीनंतर २०११ आणि २०१२ साली तिथे या करात दोन टक्क्यांची कपात झाली, नोकरदाराला आणि स्वयंरोजगार करणाऱ्यालाही. सोशल सिक्युरिटीच्या, म्हणजे या पेन्शनच्या निधीत पडलेली तूट मात्र सरकारच्या सर्वसाधारण तिजोरीतून भरून दिली गेली. कोणाची पेन्शन कमी झाली नाही.

आपल्याकडच्या दुकानदाराची गत वेगळी आहे. तो देतो थोडं, पण त्या २५०० रुपयांच्या बदल्यात त्याच्या नावावर काहीच जमा होत नाही. तो स्वतः पीएफमध्ये नाही, ईएसआयमध्ये नाही. आजारी पडला की शटर खाली, आणि म्हातारपणी मुलगा काय देईल ते. २०१९ साली छोट्या व्यापाऱ्यांसाठी पेन्शन योजना आली: महिना ५५ ते २०० रुपये भरा, तेवढेच सरकार भरेल, साठीनंतर महिना ३००० मिळतील. प्रवेश १८ ते ४० वयोगटालाच. आपल्याकडे दुकान जम धरतं तेव्हाच माणूस चाळिशीच्या पुढे गेलेला असतो, शिवाय आज विशीत असलेल्या मुलाच्या साठीला त्या ३००० रुपयांत काय येणार, हा प्रश्न वेगळाच.

राज्याने व्यवसाय करातली २५ हजारांची सूट पुरुषांनाही लागू करावी. स्वतःचा धंदा करणाऱ्याचं आयकर विवरणातलं वार्षिक उत्पन्न ३ लाखांच्या आत असेल तर त्यालाही माफी असावी, विवरणाची प्रत पुरेशी मानावी. त्याच्या वरच्यांकडून २५०० घ्यायला हरकत नाही, पण छोट्या व्यावसायिकाच्या पैशातून एक हिस्सा त्याच्याच पेन्शन खात्यात वळवण्याचा विचार व्हावा. रोजगार हमीच्या निधीचं काय, हा आक्षेप येणार, आणि तो हलका नाही. पण २००५च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्यानंतर मजुरीचा मोठा भार केंद्राकडे गेला, आणि हा कर मुळात ज्यांनी द्यावा अशी कल्पना होती ते लोक २५ हजारांच्या वरचेच होते. त्यांच्याकडून येणारं उत्पन्न तसंच राहतं.

पीएफमध्ये २०च्या कड्याला उतार द्यायला हवा. १९९७पर्यंत नव्या आस्थापनांना सुरुवातीची काही वर्षं या कायद्यातून सूट असे. ती काढली हे बरोबर झालं, कारण त्या वर्षांत कामगाराच्या नावावर काहीच जमा होत नसे आणि मालक तीन वर्षांनी फर्मचं नाव बदलून पुन्हा नवा व्हायचा. आता उलट बाजूने जावं. १० माणसांपासून कायदा लावावा, पण ५० माणसं होईपर्यंत मालकाच्या वाट्याचा काही भाग सरकारने भरावा आणि तो दर माणसामागे हळूहळू कमी करत न्यावा. ऑगस्ट २०२५पासून दोन वर्षांसाठी नव्या नोकरभरतीवर मालकाला महिना ३ हजारांपर्यंत प्रोत्साहन देणारी केंद्राची योजना आहे, तिच्यासाठी ९९ हजार कोटींहून अधिक तरतूद आहे. म्हणजे पैशाची सोय होऊ शकते. पण ती योजना पीएफमध्ये आधीच असलेल्यांना, किंवा आत यायला तयार असलेल्यांना उपयोगाची. १९ माणसांवर थांबलेल्या मालकाला जुन्या १९ जणांचा खर्च सतावतो, आणि त्याबद्दल तिच्यात काही नाही. ईएसआयचं उदाहरणही समोर आहे: जुलै २०१९मध्ये एकूण दर साडेसहावरून चार टक्क्यांवर आणला, आणि उपचारांचा हक्क त्यासाठी कमी करावा लागला नाही. विम्यात हे जमतं, कारण तिथे पैसा सामायिक असतो. पीएफ प्रत्येकाच्या स्वतःच्या खात्यात असतो, म्हणून तिथे तोच उपाय चालत नाही.

चलनं एकत्र करायला काही वर्षं जातील, घटनादुरुस्तीला किती जातील ते दिल्लीला ठाऊक. पण शून्य किंवा दहा हजारांखालचा वार्षिक कर असलेल्या मालकाची लेट फी हटवणं ही अधिसूचनेची गोष्ट आहे. सरकारने ठरावीक काळापुरती अशी माफी याआधीही अनेकदा दिलेली आहे, ती आता कायमची करायला विधिमंडळाच्या अधिवेशनाचीही वाट पाहावी लागणार नाही.